पोरीचं बाळसं

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझी मोठी मुलगी दीड वर्षाची होती. आम्ही सोनगीरला सासूबाईंकडे राहत होतो. नवरा धुळ्याच्या डेपोत कंडक्टर, ड्युटीप्रमाणे घरी यायचा. ऐंशीच्या दशकाची अखेर होती.

मला दिवस गेल्याचं कळलं तसं सासूबाईंनी मुलीचं अंगावरचं दूध तोडायला सांगितलं. गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं, असं सगळ्याच म्हणत. कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला. दोन रात्री ती रडली, मग तिने नाद सोडला. त्यानंतर ती चहा-बिस्किट, भाताची पेज आणि साबुदाण्याची खीर यांवर राहिली. खीरही पाण्यातलीच, दूध नावापुरतं. डाळ तिला जड पडेल म्हणून देत नव्हतो.

मुलगा झाला. मी खाटेवर बसून बाजरीची भाकरी, तूप, डिंकाचे लाडू खात असे. मुलगी खाटेला टेकून माझ्या हाताकडे बघायची. एकदा मी लाडवाचा तुकडा तिच्यापुढे केला, तर सासूबाई म्हणाल्या, "गरम पडेल तिला." मी तो तुकडा माझ्या तोंडात टाकला. सासूबाई वाईट नव्हत्या. नातीला मांडीवर घेऊन त्याच झोपवायच्या.

महिन्याभराने मुलीचा चेहरा गोल दिसायला लागला. गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली.

"देख, पोर कशी भरी गयी शे," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या.

मलाही बरं वाटलं. दोन पोरं सांभाळतेय, तरी मोठीने बाळसं धरलंय, असा अभिमानच वाटला. ती चालायची बंद झाली होती, दिवसभर किरकिर करायची, केस तांबूस झाले होते. ते सगळं मी भावाच्या मत्सरावर आणि उन्हावर ढकललं.

तिला जुलाब लागले म्हणून नवऱ्याने आम्हाला धुळ्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर होते. मी म्हटलं, "तब्येत चांगली आहे हो, फक्त पोट बिघडलंय."

त्यांनी तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला, आणि तो भरूनच येईना. मग फ्रॉकची बाही वर करून त्यांनी दंडाला मोजायची टेप गुंडाळली.

"ही सूज आहे बाई," ते म्हणाले. "अंगात पाणी साठलंय. मूल उपाशी आहे."

"उपाशी कशी? ती दिवसभर खाते."

"काय खाते?"

चहा-बिस्किट, पेज, पाण्यातली खीर, मी सांगत गेले, आणि यादी तिथेच संपली.

तिला दवाखान्यात ठेवलं. औषध आणि थोडं थोडं दूध सुरू झालं. काही दिवसांत सूज उतरली, तेव्हा झोळीच्या काट्यावर तिचं वजन आधीपेक्षा कमी भरलं. गाल गेले, बरगड्या दिसायला लागल्या. मी नर्सबाईंना म्हटलं, "इथे आणून पोर वाळली."

"वाळलेलीच होती," त्या म्हणाल्या. "आत्ता दिसतेय."

ती वाचली. डाळीचं घट्ट वरण, दूध, शेंगदाणे-गुळाचा कूट यांवर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा चालू लागली. पण माझं काहीतरी बिघडलं ते बिघडलंच.

पुढे आम्ही जळगावला राहायला गेलो. तिथे मी तिला खाऊ घालत सुटले. वरणभातावर तुपाची धार, शाळेतून आली की शिकरण, संध्याकाळी शेव, झोपताना साय घातलेलं दूध. "पुरे," ती म्हणायची. "एवढा घास," मी म्हणायची. नवरा कधी बोललाच तर मी असं बघायची की तो गप्प बसे.

पाचवीत असताना शाळेत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मुलीचं वजन उंचीच्या मानाने फार जास्त होतं, जिना चढताना तिला धाप लागत होती. वर्गातल्या मुली तिला खेळायला घेत नव्हत्या, हेही मला तिथेच कळलं.

घरी येऊन मी ताट वाढलं आणि हात सवयीने तुपाच्या भांड्याकडे गेला. तिने ताटावर आडवा हात धरला.

"मला भूक नसते, आई," ती म्हणाली. "नाही खाल्लं की तू रडकुंडीला येतेस, म्हणून मी खाते."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घेऊ लागली. मी तिथून उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहायची, कारण समोर बसलं की माझ्याने राहवत नसे. शाळेची रिक्षा बंद करून ती पायी जाऊ लागली. वजन हळूहळू आटोक्यात आलं, त्याला बरीच वर्षं लागली.

कॉलेजात गेल्यावर एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तिने विचारलं, "लहानपणी मला नेमकं काय झालं होतं?"

आजवर मी 'अशक्तपणा' एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी सगळं सांगितलं, लाडवाच्या तुकड्यासकट.

ती जरा वेळ काड्या खुडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घरात सगळं होतं?"

"होतं," मी म्हटलं.

तिने पुढच्या जुडीचा दोरा सोडून अर्धी माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही निवडत राहिलो.