पट्टीची पूजा

हर्षाला आमच्या धान खरेदी केंद्रात घेतलं तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मी केली होती, हे आधीच सांगून टाकतो. मी इथला जुना बाबू. सव्वीस वर्षांची पोरगी, जन्मापासून दिसत नाही, मोहाडीहून रोज बसने तुमसरला यायचं म्हणते. हिला सांभाळायचं कुणी, असं मी सचिव वासुदेवरावांना विचारलं होतं. त्यांनी दिवाळीपर्यंत पाहू म्हणून तिला ठेवलं. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की सांभाळायची वेळ आली तर ती आम्हालाच सांभाळेल. पण तोंडाने कबूल कोण करतो?

तिचं काम फोनचं. नोंदणीच्या कागदांची तपासणी करायला कोणत्या तारखेला यायचं, ते एकेका शेतकऱ्याला कळवायचं. कॉम्प्युटर तिला यादी वाचून दाखवायचा, पण एका कानात कॉम्प्युटर आणि दुसऱ्या कानात शेतकरी, असं झालं की दोघांचंही काही कळेना. म्हणून नागपूरच्या एका संस्थेने तिला ब्रेल पट्टी वापरायला दिली. कीबोर्डच्या पुढे ठेवायची लांबट पट्टी. पडद्यावर जी ओळ असेल ती पट्टीवर बारीक टिपक्यांनी वर उठते. हर्षा बोलता बोलता बोटांनी वाचायची. दुपारच्या जेवणाआधी चाळीस फोन उरकायची, आणि मी माझ्या चष्म्यातून तिच्याकडे पाहत बसायचो.

दसऱ्याला ती दोन दिवस सुट्टीवर होती. घर बौद्ध, सगळे दीक्षाभूमीला गेलेले. आमच्याकडे दसऱ्याला वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, कॉम्प्युटर, शिक्के, सगळ्यांची पूजा होते आणि ती दरवर्षी मीच करतो. यंदा वाटलं, तिचीच पट्टी कशाला वगळायची? आधी केलेल्या कुरकुरीची भरपाईही होईल. डाव्या टोकाला चांगलं बोटभर ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. वासुदेवरावांनी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. नंतर फडक्याने पट्टी पुसली आणि जागेवर ठेवून दिली.

दसऱ्यानंतरची पहिली यादी तेरा तारखेची होती. हर्षाने फोन केले. अकरा तारखेला, शनिवारी, सकाळी नऊलाच फाटकाशी पस्तीस माणसं उभी. सगळी म्हणत होती, आम्हाला आजची तारीख दिली. पडद्यावर मात्र प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, नावाआधी, तेराच तारीख. शकुनबाई नावाची एक म्हातारी कापणीचे मजूर धानाच्या बांधीत सोडून आली होती. तिने जे तोंड सोडलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

वासुदेवरावांनी हर्षाला सगळ्यांसमोर विचारलं. पट्टीवर अकराच होतं, एवढंच ती सांगत राहिली. मग ती खुर्चीत बसली, यादी पुन्हा उघडली, डाव्या टोकावर बोट फिरवलं आणि थांबली. तीनच्या आकड्याला दोन टिपके असतात. त्यातला एक वर येत नसला तर उरतो एक टिपका, आणि तो एकचा आकडा. तिने बोट नाकाशी नेलं. हळदीचा वास लपत नाही.

वासुदेवरावांनी ते पाहिलं नाही. ते म्हणाले, सोमवारी वडलांना घेऊन ये. सव्वीस वर्षांच्या बाईला, शाळेतल्या मुलीसारखं.

संध्याकाळी बस यायच्या वेळी तिने मला हळूच विचारलं, "काका, दसऱ्याले माह्या पट्टीची पूजा केली होती का कोणी?"

"मले काय माहीत," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच माझी भीती वाटली. रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. फोटो ग्रुपवरून काढून टाकावा म्हणून चारदा फोन हातात घेतला. सगळ्यांनी तो पाहिला होता आणि कुणालाच तो आठवत नव्हता. ग्रुपवर हर्षाही होती, पण तिचा फोन तिला फक्त "फोटो" असं बोलून गप्प झाला असणार. फोटो काढला तर पुरावा जाईल आणि ठेवला तर मी जाईन. तिची नोकरी माझ्या खिशात होती आणि मला जेवण जात नव्हतं.

सोमवारी तिचे वडील तेजराम आले. राइस मिलमधला माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. वासुदेवराव त्यांना समजावू लागले: पोरगी हुशार आहे, पण हे काम डोळ्यांचं आहे. तेजराम नुसते मान हलवत होते. हर्षाने आपली बाजू मांडली. टिपका अडकला आहे आणि त्याला हळद लागली आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. वासुदेवराव म्हणाले, कारणं सगळ्यांकडे असतात. तेजराम उठायला लागले आणि मला ते बघवेना.

"साहेब, पूजा मी केली होती," मी म्हणालो आणि फोटो त्यांच्यापुढे धरला.

मला वाटलं होतं, आता माझी धडगत नाही. वासुदेवराव फोटोकडे पाहत राहिले आणि हसले. "अरे धनंजयभाऊ, देवाचंच काम केलं ना तू. होते असं." एवढ्यावर माझं प्रकरण मिटलं. मग ते हर्षाकडे वळले. तरी तिचं आणखी एक महिना पाहू, असं ठरलं.

नागपूरच्या संस्थेला फोन लावून पट्टी कशी साफ करायची ते तिने विचारून घेतलं. मऊ ब्रश आणि थोडं स्पिरिट. ती टिपके दाखवत गेली, मी घासत गेलो. मी माफी मागितली.

"काका, चूक तुमची निघाली तं 'होते असं' म्हणाले," ती म्हणाली. "माही निघाली असती तं आंधळ्यायले कामावर घेऊ नये, असं म्हणाले असते."

टिपका वर आला. तिने त्यावर बोट ठेवून खात्री केली, यादी उघडली आणि नवी तारीख सांगायला पहिला फोन शकुनबाईला लावला.