डोळे काढताना

दादाचे खेळण्यातले सैनिक माझ्या अंगठ्याएवढे आहेत. प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून आलेले हात, पाय, शिंगांची शिरस्त्राणं कापून काढायची, चिकटवायची आणि मग सगळ्यांना आधी काळा रंग द्यायचा. त्या काळ्यातून चेहरे हळूहळू वर येतात. डोळे अगदी शेवटी.

औषधांमुळे दादाची बोटं हल्ली थरथरतात, म्हणून काल त्याने झिरो नंबरचा ब्रश माझ्या हातात दिला. "डोळे तू काढ."

पांढऱ्या ठिपक्यावर काळा ठिपका, एवढंच काम. पण माझा काळा ठिपका फारच बारीक पडला आणि भोवती पांढरं उरलं. परशू उगारलेला तो आडदांड गडी एकदम भेदरलेला दिसायला लागला. शूर दिसणं आणि भ्यालेलं दिसणं यांत केसाएवढंच अंतर असतं म्हणायचं.

"अगं, हा तर पळून जाईल!" दादा हसला.

"पुसून परत काढू?"

त्याने सैनिक डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. "नको. लढाईला निघालाय. घाबरणारच ना."

सोमवारी दादाचं ऑपरेशन आहे. घरात सगळे त्याला 'तू वाघ आहेस' म्हणतात आणि तोही मान डोलावतो. भीती वाटते का, हे कोणीच विचारलेलं नाही. मलाही विचारता आलं नाही.

मी पुढचा सैनिक उचलला आणि त्याचे डोळे मुद्दाम तसेच काढले.  दादाने तो पहिल्याच्या अगदी शेजारी उभा केला.