रिकामी म्हणे!

कॉलेजात मी संवादशास्त्र शिकवते. एकच गोष्ट कोणत्या चौकटीत बसवून सांगितली, त्यावर माणसं काय ठरवतात ते अवलंबून असतं, हा त्यातला एक धडा. पुस्तकातली उदाहरणं सगळी परदेशातली. वर्ग जांभया देतो आणि मला राग येतो, पोरांचा नव्हे, पुस्तकाचा. मग मी पुस्तक मिटते आणि आईची गोष्ट सांगते.

दिंडोशीला आमच्या सोसायटीच्या मधोमध अंगण आहे, कडेला बदामाचं झाड. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा एकदा फलकावर नोटीस लागली, की रिकामी जागा सिमेंट करून पार्किंगला द्यायची आहे, सभेला या. आईला झोंबला तो 'रिकामी' हा शब्द. "रिकामी म्हणे! डोकी रिकामी ह्यांची," भाजी चिरता चिरता ती म्हणाली.

सभेत आधी दोघं-तिघं झाडाबद्दल, हवेबद्दल बोलले. गाडीवाल्यांनी माना डोलावल्या आणि विषय मतदानाकडे सरकला. तेव्हा आई उठली. रागावली की ती थेट मालवणीवर यायची.

"आपल्यातला कोण गेला, तर तेका खंय ठेवतलास? गाडीच्या टपार?"

एकच गलका झाला. सेक्रेटरीकाका ओरडले, "वहिनी, काय अभद्र बोलता! शब्द मागे घ्या आधी." खरं तर आमच्या इमारतींतून शेवटचं निघालेलं प्रत्येक माणूस त्याच बदामाखाली टेकून गेलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं अंगणाकडे बघायची कुणाची तयारी नव्हती.

आईने शब्द मागे घेतला. पदर खोचला आणि भर सभेत माझ्याकडे बोट केलं. "बरं, ते राहू दे. पण उद्या हिचा मांडव कुठे घालू? तुमच्या गाड्यांच्या मधे?"

आता ज्याला त्याला आपापली लेक दिसायला लागली. हळदी, बारशी, गणपतीतल्या पंगती, सगळं तिथेच तर व्हायचं. गाडीवाल्यांनाही मुली होत्याच की. पार्किंग बारगळलं. घरी येऊन मी तिच्याशी कडाकडा भांडले, मला कशाला मधे घेतलंस म्हणून. ती हसली. "गप गो. अंगण वाचला मां?"

वर्गात मी गोष्ट इथेच थांबवते. पोरं खूश होतात आणि धडाही नीट कळतो.

मांडव काही पडला नाही, कारण मी लग्नच केलं नाही. तरी कितीतरी वर्षं ती खिडकीतून बोटाने दाखवायची, मांडवाचं तोंड इकडे, आचारी तिकडे. मी चहा पिता पिता वैतागून "हो गं बाई, हो" म्हणायचे. आता त्या खिडकीशी मी एकटी चहा पिते. वाटतं, तिने पुन्हा एकदा तेच सांगावं आणि मी पुन्हा तसंच वैतागावं. एवढंच हवंय मला, आणि तेवढंच मिळत नाही.

गेल्या मे महिन्यात तिला हॉस्पिटलातून आणलं. ॲम्ब्युलन्स फाटकाशी उभी राहिली आणि ड्रायव्हरने मला विचारलं, "कुठे ठेवायचं, ताई?" सभेतला तिचाच प्रश्न होता तो. ऊन नुसतं रणरणत होतं.

सेक्रेटरीकाका काठी टेकत आले. खूप थकलेत आता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बदामाखाली स्वतःच्या हाताने चटई अंथरली, चारी कोपरे नीट केले आणि म्हणाले, "वहिनींना इथे घ्या. इथे सावली आहे."