टायपिंगच्या फाईलवर आळ

अन्याय झाला तो आमच्या टायपिस्ट काकूंवर. सोमवारी सकाळी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, संघटनेच्या ऑफिसात, पाच जणांसमोर. आळ घेणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना दुसरा कोणी दोषी शोधत बसायला नको.

आमची संघटना हिंगण्याच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची. ऑफिस म्हणजे रामदासपेठेत एका दवाखान्यामागची खोली, एक कम्प्युटर, एक प्रिंटर आणि पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं मी लिहिते. माझं अक्षर कधीकधी मलाही लागत नाही, काकूंना मात्र लागतं. त्या टाइप करायच्या. आमच्या प्रत्येक पत्रकात पहिली मागणी ठरलेली: कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढू नका.

काकू टाइपरायटरवर शिकलेल्या. कम्प्युटरच्या मराठी कीबोर्डवर अक्षरांच्या जागा वेगळ्या, पण त्यांची बोटं जुन्या जागेवरच जाणार. म्हणून संघटनेचा हितचिंतक असलेल्या एका इंजिनिअरने बारा वर्षांपूर्वी त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काकू कोणती कळ दाबतात ते तो पाहतो, आणि टाइपरायटरवर त्या जागी जे अक्षर असायचं ते पडद्यावर उमटवतो. याउप्पर त्याला काही येत नाही.

त्या सोमवारी अँटिव्हायरस आपोआप अपडेट झाला आणि पडद्यावर लाल चौकट आली. या प्रोग्रॅमची फाईल धोकादायक वाटते, म्हणून ती बंद करून बाजूला ठेवली आहे. खाली एक शब्द: कीलॉगर. मी मोबाइलवर शोधलं. तुम्ही काय टाइप करता ते चोरून टिपणारा प्रोग्रॅम, असा अर्थ निघाला.

आता, आदल्याच आठवड्यात आमचं एक पत्रक गेटवर वाटायच्या आधी मॅनेजमेंटच्या टेबलावर पोचलं होतं. कोण फितूर, कोण फितूर, याच चर्चेत सगळे होते. मी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. जोडायला मिनिटही लागलं नाही.

"काकू, ही फाईल कोणी टाकली?"

"तुले माहीत नाही का? तिच्याशिवाय मले टाइप करता येते का?"

"मग आपलं पत्रक मालकाकडे कसं गेलं?"

काकूंनी चष्मा काढला. "काय म्हणून राहिली तू?"

आमचे अध्यक्ष रिटायर्ड फिटर आहेत, सावकाश बोलतात. "पोरी, थांब जराशी," ते म्हणाले.

मी थांबले नाही. "मी नाही म्हणत, भाऊ. कम्प्युटर म्हणून राहिला."

काकूंनी डबा पिशवीत टाकला आणि त्या गेल्या. त्या घरी पोचायच्या आधी ही गोष्ट हिंगण्याला जाणाऱ्या दुपारच्या शिफ्टच्या बसमध्ये पोचली असेल.

मंगळवारी नवीन पत्रक टाइप करायचं होतं. एका बोटाने मी तीन ओळी केल्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ज्याले समजते त्याले तरी दाखव." मी कम्प्युटर उचलून प्रताप नगरातल्या एका रिपेअरवाल्याकडे नेला.

त्याने फाईल तपासली आणि हसला. "मॅडम, हा कळा पाहते म्हणून पकडला. नाही पाहिल्या तर मराठी काय मी येऊन टाइप करून देऊ?"

"पण मग धोका काहून दाखवते?"

"कळा चोरणारे पण असेच पाहतात ना. हा टिपून कुठं ठेवत नाही, नेटवर कुठं पाठवत नाही. पण कोण्या कंपनीची सही नाही त्याच्यावर. गल्लीत अनोळखी माणूस आला का कुत्रे भुंकतातच. भुंकले म्हणून तो चोर होते का?"

इंजिनिअरने तेव्हा दिलेली जुनी सीडी मी सोबत नेली होती; त्याने तिच्यावरची फाईल काढून ताडून पाहिली. तंतोतंत तीच, कोणी हात लावलेला नाही. मग ती अँटिव्हायरसच्या कंपनीला पाठवली. चौथ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: ओळखण्यात चूक झाली, दुरुस्ती केली आहे. बस. मला संताप आला. कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला बसलेसुद्धा. पहिल्याच वाक्याला अडले. कंपनीने फाईलवर शंका घेतली होती. काकूंना फितूर कंपनी म्हणाली नव्हती.

पत्रक फुटलं कसं, तेही कळलं. कच्च्या मजकुराचा फोटो मीच कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, काही सुचवायचं असेल तर सुचवा म्हणून. त्या ग्रुपमध्ये ठेकेदाराचा सुपरवायझर आहे. अध्यक्षांनी तो फोटो उघडून मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी कंपनीच्या उत्तराची प्रिंट घेऊन काकूंच्या घरी गेले. त्या भाजी निवडत होत्या.

"काहून आली वं?"

मी कागद दिला. त्यांनी पूर्ण वाचला. "फाईल सुटली म्हणते. चांगलं झालं. माझं काय?"

"चुकलं माझं, काकू. परत या."

"बारा वर्षं बसली मी त्या खोलीत. तुनं चौकट वाचली, मले नाही विचारलं. अन् आता माफी मागाले एकटी आली. बोलली तवा पाच जण होते. बसमधी पन्नास झाले. पहिले त्यायले सांग."

मी गेटवर सांगितलं. माइक घेऊन, माझी चूक म्हणून. अर्धी शिफ्ट ऐकत होती, अर्धी बसकडे निघाली होती. नंतरच्या आठवड्यात एका कामगाराने मला सहज विचारलं, "ते टायपिस्ट बाई मालकाची होती ना?" फाईल आपल्या जागी परत आली आहे, तिच्यावर आता कोणाची शंका नाही. काकू अजून आलेल्या नाहीत.

म्हणून मागणी, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या पडद्यावर अशी चौकट आली तर फाईल ज्याची आहे त्याला आधी विचारा, जाणकाराला दाखवा, आणि तोवर कोणत्याही माणसाचं नाव घेऊ नका. आणि तुम्ही हिंगण्याच्या बसने जात असाल आणि मागच्या सीटवर कोणी आमच्या टायपिस्टला फितूर म्हणालं, तर खिडकीबाहेर पाहू नका. वळा आणि सांगा की हे खोटं आहे, आळ घेणारीनेच तसं लिहून दिलं आहे. त्याच बसमध्ये सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.