वडिलांची ललकारी

देवासात दोन राजांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी; माझे वडील थोरल्या पातीच्या दरबारात चोपदार होते. महाराज येताना पुढे उभं राहून ललकारी द्यायची, हे त्यांचं काम. विसावं शतक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या वयात ते कामाला लागले आणि संस्थान विलीन होईपर्यंत राहिले.

ते नव्वदीत असताना मी त्यांची फिल्म करायची ठरवली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून कॅमेरा भाड्यानं घेतला आणि धारहून देवासला आले. मी शाळामास्तरीण, त्यातून हट्टी. तीन दिवस त्यांच्या मागे लागले. दसऱ्याची सवारी, हत्ती, भर रस्त्यातून जाणारी दोन्ही पात्यांची हद्द, सगळं त्यांनी हौसेनं सांगितलं. ललकारी मात्र देईनात.

"रिकाम्या गादीपुढे ललकारी देत नसतात," एवढंच उत्तर.

आता ललकारीशिवाय चोपदाराची फिल्म कसली? मी अगदी रडकुंडीला आले. आईची तक्रार तर माझ्याहून जुनी. त्या दरबारात बायका जात नसत. "साठाच्या वर बरस झाली लग्नाला," ती म्हणाली. "बिल्ला मी घासला, साफ्याला खळ मी केली, और आवाज ऐकला सगळ्या गावानं. बस, मी सोडून."

चौथ्या दिवशी मी खुर्चीवर महाराजांचा फोटो ठेवला. वडील साफा बांधून, हातात चालायची काठी घेऊन उभे राहिले. फोटोकडे पाहून म्हणाले, "उतरव तो. महाराज स्वतः बसायचे, त्यांना कोणी टेकवून ठेवत नसे."

खांद्यावरचा कॅमेरा तसाच चालू ठेवून मी चिडून फोटो उचलला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप ठेवले आणि गुडघे धरून त्याच खुर्चीत बसली. मग ध्यानात येऊन उठू लागली. वडिलांनी हातानंच तिला थांबवलं. पाठ ताठ केली, काठी फरशीवर आपटली.

"निगा रखो, बाईसाहेब!"

फडताळातली भांडी वाजली. हे माझे वडील, या अभिमानानं माझा ऊर भरून आला आणि कॅमेरा हलला. फिल्ममध्ये त्या जागी चित्र हललंय. नंतर फिल्म जोडताना तो लग्नाचा कॅमेरेवाला म्हणाला, "दीदी, इतना हिस्सा काट दूँ?" मी त्याच्यावर अशी डाफरले की पुन्हा विषय काढला नाही त्यानं.

कारण त्या हललेल्या चित्रावरच आईचा आवाज येतो.  ती हळूच म्हणते, "एवढा आवाज होता, आणि माझ्यावर एकदाही चढवला नाहीत."