सुरणाला बांधलेला मुखवटा

भूतखेत, करणी, अंगात येणं... असला विषय निघाला की मी उठून चहा ठेवायला जातो. आजही जातो. तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाही — एक सुरण आहे.

सत्तरच्या दशकातला हिवाळा. मी नागपुरातल्या एका कॉलेजात, मानववंशशास्त्र विभागात लॅब असिस्टंट होतो, घर कामठीला. आम्ही बुरूड. माय आणि बाबा तीस वर्षं अंगणात समोरासमोर बसून सुपं-टोपल्या विणत आले. बाबा बांबू फोडायचे, माय कामट्या तासायची. एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नसे.

आमच्या सरांना न्यू गिनीतल्या एका ओळखीच्या संशोधकाने वेताचा विणलेला मुखवटा पाठवला. सोबत चिठ्ठी — ‘अबेलाम लोकांचा आहे, बाकी सविस्तर मागाहून.’ प्रवासात त्याची कड उसवली होती. सर म्हणाले, “नाचताना तोंडावर घालत असतील. तुझ्या वडिलांना नीट करता येईल का?”

बाबांनी तो हातात फिरवून पाहिला. “हा माणसाचा नाही गा. डोळ्याले भोकं कुठी आहेत? जा, एक मोठा सुरण घेऊन ये.”

“काहून?”

“त्याले बांधाचा असते हा.”

मला हसू आलं, तरी सुरण आणून दिला. पण पुढे जे झालं त्याचं हसू नाही आलं. माय कामट्या घेऊन रोजच्यासारखी अंगणात आली, तर बाबा केवढ्यानं ओरडले! “हे होईस्तोर इकडे पाय ठेवू नोको!” मुखवटा सुरणाला बांधून आठ दिवस ते एकटेच विणत होते, झोपायलाही ओसरीवर. माय दारातूनच विचारायची, “माहं काही चुकलं का जी?” ते म्हणायचे, “मले नाही माहीत. पण येऊ नोको वं.”

काम संपल्यावर माय म्हणाली, आता सुरणाची भाजी करते. तर बाबा म्हणाले, “आपला आपण नाही खात.” आणि तो सुरण उचलून थेट शेजारच्या बुरडाकडे देऊन आले. गिऱ्हाइकांवरून त्याच्याशी दहा वर्षं बोलणं बंद होतं!

दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत. पण मायच्या मनातला काटा निघाला नाही. दोन वर्षांनी बाबा वारले, तेव्हाही ती मला म्हणाली, “त्या आठ दिवसांत कायचा राग होता रे त्यायले?” मलाही ते फार लागलं होतं.

त्यानंतर कधीतरी संशोधकाचं ते सविस्तर पत्र आलं. सरांनी ते मला वाचून दाखवलं. हे मुखवटे माणसं घालत नाहीत. कापणीच्या सणात लांबलचक कंदांना बांधतात. कंद पिकवणारा तोवर बायकोपासून वेगळा झोपतो, मळ्यात बाईला येऊ देत नाही. आणि आपला उत्तम कंद तो स्वतः खात नाही — प्रतिस्पर्ध्याला देतो.

बाबांना अक्षरओळख नव्हती. सरांनाही हे त्या दिवशीच कळलं होतं.

संध्याकाळी अंगणात मायला सगळं सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हंजे माह्यावर राग नव्हता त्यायचा.” आणि पदरात तोंड घालून रडली.

बाबांना हे कुठून कळलं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. मायने ते विचारलंही नाही. डोळे पुसून तिने मला बाजारातून सुरण आणायला सांगितला. बाबांनी तो शेजारी देऊन टाकला, त्या दिवसापासून आमच्या घरात सुरण शिजलाच नव्हता.