सातवी पास भिकन

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या द्राक्षांच्या शीतगृहात भिकन अठरा वर्षे खोकी लावतो आहे. अर्जावर त्याचे शिक्षण 'सातवी पास' आहे. तो अर्ज इथला कारकून म्हणून मीच फाईलला लावला आणि कधी शंका घेतली नाही, याची आज चीड येते.

भिकन सही करतो, अक्षरे ओळखतो. पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. इतकी वर्षे काम निभावले ते रंगांवर. लाल पट्टीचे खोके परदेशी, हिरव्या पट्टीचे मुंबईचे. यंदा साहेबांनी सगळ्या पट्ट्या पांढऱ्या केल्या आणि खोक्यावरची चिठ्ठी वाचून माल लावा, अशी सूचना फळ्यावर लावली. तोंडी कोणालाच सांगितले नाही. परदेशी माल मुंबईच्या टेम्पोत गेला आणि भिकनला नोटीस मिळाली: पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

ती त्याने सही करून घेतली आणि तीन दिवस खिशात ठेवली. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. मी वाचून दाखवली. खुलासा लिहून देतो म्हणालो, तर नको म्हणाला.

"भाऊसाहेब, तुमचं अक्षर साहेबांना ठाऊक हाय. म्हणतील, याला सोताचं बोलता बी येत नाय. मलाच लिहाया शिकवा."

रोज अर्धा तास बसलो. पोरांचे पुस्तक त्याला नको होते, म्हणून खोक्यांवरच्या चिठ्ठ्याच वाचल्या. घडांतले खराब मणी निवडणाऱ्या वत्सलाबाई, "आता कलेक्टर व्हा," म्हणून चिडवायच्या. चौथ्या दिवशी त्याच गुपचूप शेजारी येऊन बसल्या.

अकराव्या दिवशी भिकनने तीन ओळी लिहिल्या. रंग बदलला. कोणी सांगितले नाही. मला नीट वाचता येत नाही.

तो कागद वाचून साहेब हसले. "वाचता येत नाही, मग हे लिहिलं कोणी? हा तर खोटेपणाचा पुरावाच झाला."

बत्तीस वर्षांत मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. न वाचता येणाऱ्या पोराला दरवर्षी वरच्या वर्गात ढकलणाऱ्या शाळेने याला फसवले, सही पाहून साक्षरांत मोजणाऱ्यांनी फसवले, आता आपण शिक्षाही त्यालाच देणार? सूचना तोंडी दिली नव्हती, हे मी सहीनिशी लिहून देईन, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले. मी हात पुढे केला, पण भिकनने ते दिले नाही. भिंतीला टेकून, ओळीखाली बोट धरून तो वाचत राहिला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला थांबायला सांगितले.